थोरांचें चरित्र : स्तुति कीं शोध ?

शाळेंत निबंधाचे जे ठराविक विषय वर्षानुवर्षें चालत आलेले आहेत, त्यांत एकाद्या थोर व्यक्तीचें चरित्र हा विषय बहुधा पहिल्या रांगेंत बसतो. जयंति आली, पुण्यतिथि आली, स्नेहसंमेलन आलें, कीं फळ्यावर एक नांव लिहिलें जातें आणि दोन दिवसांत पन्नास वह्या गुरुजींच्या टेबलावर येऊन पडतात. या वह्या उघडून पाहणारास एक चमत्कार दिसतो. चरित्रनायक निरनिराळे असले तरी निबंध एकच असतो ! नायकाचा जन्म गरीब पण सुशील कुटुंबांत होतो. बालपणींच त्याची तल्लख बुद्धि सर्वांच्या नजरेंत भरते. तो रस्त्यावरच्या दिव्याखालीं अभ्यास करतो. संकटांपुढें तो डगमगत नाहीं. आणि शेवटीं तो अमर होतो व आपण सर्वांनीं त्याचा कित्ता गिरवावा अशी विनंति करून लेखक आपली लेखणी खालीं ठेवतो. एक नांव खोडून तेथें दुसरें घातलें तरी एकाहि वाक्यास धक्का लागत नाहीं.

यांत मुलांची लबाडी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांच्याजवळ जें मागितलें जातें तेंच तीं देतात. ‘निबंध लिहून आणा’ असें सांगितलें, पण तो लिहावा कसा हें सांगितलें नाहीं, तर मूल जवळचें पुस्तक उघडतें, वडील भावास विचारतें, किंवा आईबापांनाच कामास लावतें. पूर्वीं मुलें गाइडांतून उतरून घेत. मग आंतरजालावरून उतरून घेऊं लागलीं. आतां तर यंत्रास नुसतें नांव सांगितलें तरी तें क्षणार्धांत दोन पानें सुबक मजकूर तयार करून देतें. उतरून घेण्याचे श्रमहि वांचले ! अशा वेळीं शाळेनें स्वतःस एक प्रश्न विचारला पाहिजे. जें काम यंत्र क्षणांत उरकतें, तें मुलाकडून करवून घेण्यांत मुलाचा लाभ कोणता ? आमचें उत्तर असें कीं, माहिती गोळा करून ती सजविणें हें चरित्रलेखनाचें काम मुळीं नव्हतेंच. ‘हें मला कशावरून कळलें ?’ या प्रश्नाचें उत्तर देतां येणें, हें तें काम होय. तेवढें शिकविलें तर विद्यार्थ्याच्या बुद्धीस व सचोटीस वळण लावणारा चरित्रलेखासारखा दुसरा विषय नाहीं. तें शिकवावयाचें नसेल, तर हा विषय वहींतून काढून टाकलेलाच बरा.

नुसत्या उपदेशानें काम भागत नाहीं; म्हणून एक उदाहरण घेऊन पुढें जाऊं.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव ज्यास ठाऊक नाहीं असा विद्यार्थी महाराष्ट्रांत विरळा. ३१ मार्च १८६५ रोजीं त्यांचा जन्म झाला. माहेरचें नांव यमुना. वयाच्या नवव्या वर्षीं, टपालखात्यांत नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी या सुमारें वीस वर्षांनीं मोठ्या अशा बिजवराशीं त्यांचें लग्न झालें. गोपाळरावांनीं त्यांस शिकविलें. चौदाव्या वर्षीं त्यांस मूल झालें, तें दहा दिवसांतच गेलें. पुढें, गोपाळरावांनीं अमेरिकन मिशनऱ्यांस लिहिलेलें एक पत्र अमेरिकेंतील ‘मिशनरी रिव्ह्यू’ या मासिकांत छापून आलें. न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० सालीं दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तें त्यांच्या वाचनांत आलें, आणि त्यांनीं त्या अनोळखी मुलीस पत्र धाडलें. ७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत शिकल्या, आणि ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस एम्. डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभास त्यांच्या दूरच्या नात्यांतील पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास क्षयानें आनंदीबाईंचा अंत झाला.

एवढी माहिती कोणत्याहि लहानशा पुस्तकांत सांपडते, आणि बहुतेक निबंध एवढ्यावरच, चार विशेषणें जोडून, संपतात. आमच्या मतें विद्यार्थ्याचें खरें काम येथूनच सुरू व्हावयास हवें.

पहिलें काम कालपट मांडण्याचें. कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ ओढावी आणि तीवर साल, महिना व दिवस मांडावे. काम साधें दिसतें, पण त्यानें काय हातीं लागतें तें पहा. आनंदीबाई निवर्तल्या तेव्हां त्यांचें वय काय होतें ? कोणी एकवीस लिहितो, कोणी बावीस लिहितो, आणि दोघेहि तें कोठूनतरी उतरून घेतात. ज्यानें रेघ ओढली आहे त्यास उतरून घेण्याची गरजच पडत नाहीं. त्यांस एकवीस वर्षें पूर्ण झालीं होतीं व बाविसावें चालू होतें. तें पुरें व्हावयास ३३ दिवस उरले होते. म्हणजे ‘बाविसाव्या वर्षीं मृत्यु’ हें बरोबर, आणि ‘बावीस वर्षांच्या असतांना मृत्यु’ हें चूक. आणखी पहा. त्यांनीं कलकत्ता सोडलें तेव्हां अठरा वर्षें पुरीं होऊन एकच आठवडा लोटला होता. पदवी मिळाल्या दिवसापासून अंतापर्यंत दिवस मोजले तर ते भरतात ३५२. वर्षहि पुरें नाहीं. ‘अल्पायुषी’, ‘दुर्दैवी’, ‘अकालीं मावळलेली ज्योति’ अशीं विशेषणें ज्यानें दहा वेळां वापरलीं त्याच्या वाचकाचें मन हालत नाहीं. पण ३५२ हा आंकडा ज्यानें स्वतः मोजून काढला, त्याचा हात तो लिहितांना क्षणभर थांबतो. हें अलंकारानें साधत नाहीं, हिशेबानें साधतें.

कालपटाप्रमाणेंच स्थलांचीहि खातरी करून घ्यावी. अमेरिकेस जाण्यापूर्वीं, २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं, आनंदीबाईंनीं श्रीरामपूर येथील कॉलेजच्या दिवाणखान्यांत इंग्रजींत भाषण केलें, असें चरित्रांत येतें. आपल्याकडील विद्यार्थी हें वाचून सहजच अहिल्यानगर जिल्ह्यांतलें श्रीरामपूर डोळ्यांपुढें आणील. तें श्रीरामपूर बंगालमधलें, हुगळीच्या कांठचें. गोपाळरावांची त्या वेळीं तिकडे नेमणूक होती. नकाशा उघडून पाहण्याचा आळस केला, तर सारें भाषणच हजार मैल इकडे सरकतें. जन्मस्थळाची गोष्टहि अशीच. कांहीं लेखांत कल्याण आढळतें, कांहींत पुणें. विद्यार्थ्यानें येथें आपल्या आवडीचें गांव निवडूं नये. ‘या दोन गांवांविषयीं लेखकांत मतभेद आहे’ असें सरळ लिहावें. मतभेद लिहिणें हा निबंधाचा कमीपणा नसून भूषण आहे, हें मुलांस एकदां तरी कोणीतरी ठांसून सांगितलें पाहिजे.

दुसरें काम साधनांची पारख करण्याचें. महाराष्ट्रास हा आग्रह नवा नाहीं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें धुंडाळलीं आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ बावीस खंडांत छापून काढलीं. कागद जेवढें बोलेल तेवढेंच इतिहासकारानें बोलावें, हा धडा आपल्याच घरचा आहे. तो शाळेच्या उंबरठ्याबाहेर कां राहावा?

आनंदीबाईंच्या चरित्राचीं साधनें लावावयाचीं तर त्यांची उतरंड कांहींशी अशी लागते. सर्वांत प्रथम त्यांची स्वतःचीं पत्रें, त्यांचें श्रीरामपूरचें भाषण, आणि त्यांच्या महाविद्यालयाचे कागद. हे कागद आज फिलाडेल्फियांतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहांत जतन केलेले आहेत. त्यानंतर त्यांच्या पिढींतील लेखिकांनीं लिहिलेलीं चरित्रें : अमेरिकेंत कॅरोलाइन हीली डॉल यांचें, १८८८ सालीं निघालेलें इंग्रजी चरित्र, आणि इकडे काशीबाई कानिटकर यांचें पत्रांसह छापलेलें मराठी चरित्र. त्यानंतर, शंभर वर्षांच्या अंतरावरून हीं सारीं साधनें पुन्हा तपासून पाहणारे अभ्यासक. मराठींत अंजली कीर्तने व इंग्रजींत मीरा कोसंबी यांचीं पुस्तकें या वर्गांतलीं. आणि सर्वांत शेवटीं श्री. ज. जोशी यांची १९६८ सालची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी व २०१९ सालचा त्याच नांवाचा चित्रपट.

शेवटचीं दोन टाकाऊ आहेत असें कोणीं समजूं नये. त्या कादंबरीनें आनंदीबाईंस घराघरांत नेलें, हें तिचें ऋण मोठें आहे. पण पति-पत्नी बंद खोलींत काय बोललीं हें कादंबरीकारास कल्पावें लागतें. तो त्याचा हक्कच आहे. विद्यार्थी मात्र तेंच वाक्य अवतरणचिन्हांत घालून ‘आनंदीबाई म्हणाल्या’ असें लिहितो, आणि जें एका मृत स्त्रीनें कधीं उच्चारलेंहि नसेल तें तिच्या तोंडीं कायमचें घातलें जातें. जिवंत माणसाच्या नांवावर असें कांहीं खपविलें तर तो आपला हात धरील. मृत माणूस हात धरूं शकत नाहीं. म्हणूनच त्याच्याविषयीं लिहितांना दुप्पट जपावयास हवें.

उतरंडींत वरच्या जागीं असलेलें साधन डोळे मिटून मानावें, असेंहि नाहीं. पत्र वाचतांना विचारावें, हें कोणास लिहिलें ? तींच सुखदुःखें पतीस कळवितांना एका रीतीनें मांडलीं जातात आणि मावशी मानलेल्या कार्पेंटर बाईंस कळवितांना दुसऱ्या रीतीनें. भाषण वाचतांना विचारावें, समोर कोण बसलें होतें ? त्या भाषणांत आनंदीबाईंनीं लोक आपणांस जे प्रश्न विचारतात तेच एकेक करून घेतले आहेत : अमेरिकेसच कां, एकटीनें कां, जातीनें बाहेर टाकलें तर काय. हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन, असें आश्वासनहि त्यांनीं दिलें. हें त्यांच्या मनाचें दर्शन आहे, तसेंच तें शंकेखोर समाजास दिलेलें उत्तरहि आहे. छायाचित्र पाहतांना विचारावें, यांत दिसतें काय आणि आम्ही कल्पितों काय ? १० ऑक्टोबर १८८५ रोजीं काढलेलें एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. त्यांत आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लाम्बूली या तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या वेषांत आहेत. वेष दिसतो, हें खरें. ‘त्यांच्या डोळ्यांत मातृभूमीची ओढ दाटली आहे’ हें मात्र छायाचित्रांत नसून निबंधलेखकाच्या दौतींत आहे.

तिसरें काम मोठ्या शब्दांची झडती घेण्याचें. ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वश्रेष्ठ’ हे शब्द निबंधांत पाहुण्यासारखे येतात आणि घरमालकासारखे बसतात. आनंदीबाई या ‘भारतांतील पहिल्या महिला डॉक्टर’ असें वाक्य जवळजवळ प्रत्येक वहींत असतें. त्यास ‘कशावरून ?’ असें विचारून पहावें. त्याच १८८६ सालीं कलकत्त्याच्या वैद्यक महाविद्यालयांतून कादंबिनी गांगुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या, आणि पुढें अनेक वर्षें त्यांनीं रोग्यांस औषध दिलें. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर नेमणूक ठरली होती. पण त्या परत आल्या त्या आजारी होऊन, आणि त्या जागेवर त्या बसूं शकल्या नाहींत. डॉक्टरीची पदवी मिळविणें आणि डॉक्टरी करणें या दोन गोष्टी झाल्या. मग खरें वाक्य कोणतें ? अमेरिकेंत जाऊन वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या हिंदी स्त्री, हें खरें वाक्य. तें थोडें लांब आहे आणि त्यास टाळ्या कमी पडतील. परंतु त्यानें आनंदीबाई तसूभरहि लहान होत नाहींत. उलट, एकीचा गौरव करतांना दुसरीचें नांव पुसून टाकण्याच्या पातकांतून विद्यार्थी वांचतो.

चौथें काम सर्वांत अवघड. एकाच माणसाविषयीं दोन विरुद्ध पुरावे समोर आले तर काय करावें ? गोपाळरावांचें उदाहरण घ्या. ज्या काळीं मुलीच्या हातीं पाटी देणें हेंहि धाडस गणलें जाई, त्या काळीं या गृहस्थानें बायकोस शिकविण्याचा ध्यास घेतला, लोकनिंदा सोसली, आणि तिला सातासमुद्रांपलीकडे पाठविलें. त्यांच्यावांचून डॉ. आनंदीबाई झाल्या नसत्या, हें निर्विवाद. पण त्याच गोपाळरावांनीं लहान वयांत आपणास मारहाण केली, हें आनंदीबाईंनीं स्वतः पत्रांत नमूद केलें आहे. निबंधलेखक येथें दोनच वाटा जाणतो : एक तर मार लपवून गोपाळरावांस देवपदास चढवावयाचें, किंवा शिकविणें लपवून त्यांस राक्षस ठरवावयाचें. दोन्ही वाटा सोप्या आहेत, कारण दोहोंतहि अर्धे कागद बाजूस ठेवतां येतात. प्रामाणिक विद्यार्थ्यानें दोन्ही पुरावे एकाच पानावर, एकापुढें एक, मांडावे. जिनें तें सोसलें तिनेंच तें लिहून ठेवलें आहे. तें दडपण्याचा अधिकार आपणांस नाहीं, आणि तिनें मानलेले उपकार नाकारण्याचाहि नाहीं. माणूस एकाच वेळीं उपकारकर्ता आणि अपराधी असूं शकतो, हें ज्या मुलास पंधराव्या वर्षीं कागदावरून उमगलें, तें पुढें घरांत व समाजांत माणसांचा न्याय करतांना उतावीळपणा करणार नाहीं.

इतकें झाल्यावर लेखास एक प्रश्न पाहिजे. ‘आनंदीबाईंचें जीवन’ हा प्रश्न नव्हे. तें तर पिंपभर पाणी आहे, आणि विद्यार्थ्याजवळ आहे एक तांब्या. ‘श्रीरामपूरच्या भाषणांत आनंदीबाईंनीं कोणत्या आक्षेपांस उत्तर दिलें ?’ हा प्रश्न तांब्यांत मावतो. ‘कार्पेंटर बाईंच्या मदतीचें स्वरूप काय होतें ?’ हाहि मावतो. ‘त्या जगल्या असत्या तर महाराष्ट्रांत काय घडलें असतें ?’ हा मात्र वक्तृत्वस्पर्धेचा विषय झाला. त्यास पुरावा मिळूं शकत नाहीं, तेव्हां संशोधनाचा लेख त्यावर उभा राहत नाहीं. प्रश्न लहान असावा आणि उत्तर सापडण्याजोगा असावा, ही दोन पथ्यें पाळलीं तर चार पानांचा लेखहि भरीव होतो.

कोणी म्हणेल, आमच्या गांवांत ग्रंथालय कोठें, आणि फिलाडेल्फियाचे कागद आमच्या मुलानें पाहावे कसे ? शंका रास्त आहे, आणि तिचें उत्तर आमच्या मतें या लेखांतील सर्वांत महत्त्वाचें आहे. ज्या मुलास दूरच्या थोरांचे कागद मिळत नाहींत, त्यानें जवळच्या माणसाचें चरित्र लिहावें. आजी, आजोबा, निवृत्त झालेले गुरुजी, तीस वर्षें शाळेची घंटा देणारे शिपाईमामा, गांवची सुईण, गिरणींतून निवृत्त झालेले शेजारचे काका. या सर्वांच्या आयुष्यांत लिहिण्याजोगें कांहींना कांहीं असतेंच. आणि साधनांस तर तोटाच नाहीं. शाळा सोडल्याचा दाखला, जनरल रजिस्टरांतील नोंद, नोकरीचें सेवापुस्तक, लग्नपत्रिका, बाप्तिस्म्याची नोंद, थडग्यावरचा लेख, पोस्टकार्डावरचा टपालाचा शिक्का, छायाचित्राच्या पाठीवर उमटलेलें स्टुडिओचें नांव, आणि आमच्या या वार्षिकाचे जुने अंक, हीं सारीं अस्सल साधनेंच होत. शाळेच्या कपाटांतील अंक चाळून, अमक्या सालीं अमका विद्यार्थी धांवण्याच्या शर्यतींत पहिला आला होता, हें नातवानें आजोबांस दाखवावें, यासारखें संशोधन नाहीं.

येथेंहि पारख हवीच. ज्येष्ठांच्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख किती वेळां आढळते, हें पालकांस ठाऊक आहे. मूल शाळेंत घालतांना आईबापांस तारीख सांगतां येत नसे, तेव्हां गुरुजी अंदाजानें वर्ष धरून १ जून लिहून टाकीत. म्हणजे सरकारी शिक्का असलेला कागदहि विचारपूस केल्यावांचून मानूं नये. उलट, निरक्षर आजीची आठवण कधीं कागदाहून पक्की निघते. ती साल सांगणार नाहीं. पण ‘पानशेत फुटलें तेव्हां मी माहेरीं होतें’, ‘कोयनेचा भूकंप झाला त्या थंडींत तुझा बाप रांगत होता’, ‘बहात्तरच्या दुष्काळांत आम्ही खडी फोडावयास जात असूं’, असें सांगेल. पानशेत फुटलें १२ जुलै १९६१ रोजीं. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ रोजीं. आजीच्या बोलण्यास तारखेची जोड देणें हें नातवाचें काम. आजीजवळ आठवण असते, नातवाजवळ कालपट असतो; दोघें मिळून इतिहास तयार होतो.

जिवंत माणसाचें चरित्र लिहितांना एक मर्यादा मात्र पाळलीच पाहिजे. त्यांची वेळ विचारून जावें; प्रश्न थोडे विचारावे व ऐकावें पुष्कळ; मधेंच बोलणें तोडूं नये. सांगतां सांगतां त्यांचे डोळे भरून आले तर वही मिटावी. लिहून झालें कीं तें त्यांस वाचून दाखवावें, आणि एकादी गोष्ट छापूं नका असें ते म्हणतील, तर तें वाक्य मुकाट्यानें खोडावें. सत्य शोधण्याचा अधिकार आपणांस आहे, म्हणून कोणाच्या दुःखाची दवंडी पिटण्याचा अधिकार येत नाहीं.

या पद्धतीवर दोन आक्षेप येतात. पहिला असा कीं, थोरांच्या चरित्राची अशी चिरफाड केली तर मुलांच्या मनांतला आदर नाहींसा होईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या आदरास एक तारीख तपासून पाहिल्यानें तडा जातो तो आदर मुळांतच कच्चा होता. आनंदीबाईंविषयींचें वरील विवेचन वाचून कोणाच्या मनांतील त्यांची मूर्ति लहान झाली असेल काय ? संगमरवरी पुतळ्यास हार घालतां येतो, पण त्याचा कित्ता गिरवतां येत नाहीं. थंडीनें, घरच्या आठवणीनें, आजारानें कष्टलेल्या आणि तरीहि परीक्षा देणाऱ्या विशींतल्या मुलीचा कित्ता गिरवतां येतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम आधींच तुडुंब भरलेला. त्यांत हें लोढणें कशास? त्यास आमचें उत्तर असें कीं, वर्षांत दहा चरित्रनिबंध लिहवून घेण्याऐवजीं एकच लिहवावा, पण त्यास चार आठवडे द्यावे. पहिल्या आठवड्यांत कालपट. दुसऱ्यांत निदान दोन साधनें वाचून लहान लहान चिठ्ठ्यांवर टिपणें, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट व ती कोठें मिळाली त्या पुस्तकाचें नांव आणि पान. तिसऱ्यांत प्रश्न ठरवून चिठ्ठ्यांची मांडणी. आणि चौथ्यांत लेखन. लेख चार पानांहून मोठा नसावा. शिक्षकांनीं गुण देतांना निम्मे गुण ‘कशावरून ?’ या एका प्रश्नास राखून ठेवावे. चिठ्ठ्या तपासाव्या, त्यांवरून मुलानें काम केलें कीं करवून घेतलें हें लपत नाहीं. ज्यानें ‘हें मला सांपडलें नाहीं’ असें प्रामाणिकपणें लिहिलें, त्याचा गुण कापूं नये. आज शाळांतून असें वाक्य लिहिणारास शिक्षा होते आणि पोकळ वाक्य लिहिणारास शाबासकी मिळते. मग मुलें पोकळ वाक्यें लिहितात यांत नवल तें काय?

पालकांसहि दोन शब्द. मुलाचा निबंध आपण लिहून देऊं नये. तुमचें अक्षर व तुमची भाषा गुरुजी ओळखतात. आणि गुरुजींनीं ओळखली नाहीं, तरी मूल ओळखतें. आपल्या बापानें आपणांस खोटें पान दिलें, हें तें विसरत नाहीं. त्याऐवजीं ट्रंकेंत पडलेलीं जुनीं पत्रें व दाखले त्याच्यापुढें काढून ठेवा. रविवारीं त्यास आजोळीं न्या. छायाचित्रांत मागच्या रांगेंत उभा असलेला तो कोण, हें आजी आहे तोंवर विचारून छायाचित्राच्या पाठीवर शिसपेन्सिलीनें लिहून ठेवा. पुष्कळ घरांत तें नांव सांगणारें शेवटचें माणूस आज खाटेवर आहे. तें गेलें कीं तें छायाचित्र कोणाचें, हें कोणतेंहि यंत्र सांगूं शकणार नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, येत्या सुटींत एक काम करा. एक माणूस निवडा, एक प्रश्न निवडा, आणि चार पानें लिहा. प्रत्येक वाक्यापुढें थांबून स्वतःस विचारा कीं, हें मला कशावरून कळलें ? उत्तर असेल तर वाक्य ठेवा; नसेल तर खोडा. खोडून खोडून शेवटीं दोनच पानें उरलीं तरी वाईट वाटून घेऊं नका. तीं दोन पानें तुमचीं असतील, खरीं असतील, आणि ज्याच्याविषयीं तीं लिहिलीं त्यास न्याय देणारीं असतील. पुढील वर्षीं या वार्षिकांत छापावयास आम्हांस तसलीं पानें हवीं आहेत.